सॉफ्टवेअर आवश्यकता अभियांत्रिकी

सॉफ्टवेअर आवश्यकता अभियांत्रिकी : संगणकाकडून कोणते कार्य करून घ्यावयाचे, ते कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या मर्यादांत राहून करावयाचे, हे आज्ञावली लिहिण्यापूर्वी शोधून काढणे, तपासणे, निःसंदिग्ध भाषेत लिहून ठेवणे आणि प्रणाली वापरात असेपर्यंत त्या लेखाची निगा राखणे, या सुसूत्र प्रक्रियेस सॉफ्टवेअर आवश्यकता अभियांत्रिकी असे म्हणतात. संगणकास द्यावयाच्या सूचनांच्या क्रमबद्ध संचास आज्ञावली म्हणतात. आज्ञावल्या, त्यांना लागणारी माहिती व त्यांची कागदपत्रे यांच्या समुच्चयास सॉफ्टवेअर ही संज्ञा आहे [→ संगणक]. ‘काय हवे?’ हा आवश्यकतेचा प्रश्न होय. ‘ते कसे साधावे?’ हा अभिकल्पाचा (रचनेचा) प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर चुकल्यास दुसऱ्याचे उत्तर कितीही कौशल्याने दिले, तरी तयार होणारी प्रणाली निरुपयोगी किंवा अपायकारक ठरते. कारण संगणक चुकीची सूचनाही तितक्याच निष्ठेने पाळतो.

प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणातून आणि लातूर जिल्ह्यातील देवणी तालुक्यासारख्या सीमावर्ती, कोरडवाहू शेतीच्या प्रदेशातील परिस्थितीतून घेतली आहेत. अशा भागात पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई व जमिनीचा व्यवहार या सर्वांसाठी सात-बारा उतारा लागतो. म्हणून उताऱ्यावरील एका नावाची किंवा अंकाची चूक ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही.

इतिहास : संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावली लिहिणारा व तिचा वापर करणारा हे बहुधा एकच असत. गणितज्ञ किंवा शास्त्रज्ञ आपलाच प्रश्न आपणच संगणकावर मांडी. त्यामुळे आवश्यकतांचा वेगळा विचार करण्याचे कारण पडत नसे. बँका, रेल्वे, विमान वाहतूक, संरक्षण यांसारख्या क्षेत्रांत संगणक आल्यावर वापरणारा आणि घडविणारा यांच्यात अंतर पडले. प्रणाली मुदतीत पूर्ण न होणे, खर्च वाढणे व पूर्ण झालेली प्रणाली उपयोगी न पडणे, हे अनुभव वारंवार येऊ लागले. त्यांचा विचार करण्यासाठी ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या पुरस्काराने परिषद भरली, ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा तेथून रूढ झाली. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये प्रणाली-विकासाच्या टप्प्यांची मांडणी केली. तीत आवश्यकतांचे निश्चितीकरण आरंभी होते. मात्र एक टप्पा संपवून मागे न पाहता पुढे जाणे धोक्याचे असते, हेही त्यांनी सांगितले होते. बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आवश्यकतेतील चूक जितकी उशिरा सापडेल तितका ती दुरुस्त करण्याचा खर्च वाढत जातो, हे दाखविले. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात, नेमके काय घडवावयाचे हे ठरविणे हाच या व्यवसायातील सर्वांत अवघड भाग आहे, असे प्रतिपादन केले.

आवश्यकतापत्राच्या लेखनासंबंधीचे ‘आयट्रिपलई ८३०’ हे मार्गदर्शक मानक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याची जागा ‘२९१४८’ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली (२०११, सुधारित आवृत्ती २०१८). या विषयाला वाहिलेला पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद १९९३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाला. महाराष्ट्रात टाटा उद्योगसमूहाने १९८१ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयी दीर्घकाळ संशोधन झाले.

उदाहरणाचे क्षेत्र : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील नियम यांनुसार प्रत्येक गावाच्या जमिनीची माहिती निरनिराळ्या गाव नमुन्यांत ठेवली जाते. गाव नमुना सातमध्ये (अधिकार अभिलेख पत्रक) जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत हे असते. गाव नमुना बारामध्ये (पिकांची नोंदवही) तीत कोणते पीक घेतले याची नोंद असते. या दोहोंचा एकत्रित उतारा तो सात-बारा होय. गाव नमुना सहा हे फेरफारांचे, म्हणजे हक्कांत झालेल्या बदलांचे, रजिस्टर होय. आठ-अ हा नमुना एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दाखवितो.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील विभागाने राज्यासाठी ई-फेरफार प्रणाली विकसित केली. खरेदीखत नोंदले गेल्यावर त्याची माहिती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून तहसील कार्यालयाकडे संगणकाद्वारेच जावी, हा तिचा एक हेतू होता. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा उतारा उपलब्ध झाला. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतःच भ्रमणध्वनीवरून करावी, यासाठी ई-पीक पाहणी हा प्रकल्प १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू करण्यात आला.

मराठवाड्यात या कामाला आणखी एक पदर होता. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जुने महसुली दस्तऐवज उर्दूत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक यांसारखी त्यांची नावे वेगळी. इनाम जमिनींचे प्रकारही वेगळे. त्यामुळे एकाच राज्यासाठी एकच प्रणाली घडविताना ‘सर्वत्र सारखेच असेल’ हे गृहीत धरून चालणारे नव्हते.

जग, यंत्र व गृहीतके : आवश्यकता ही यंत्राविषयीची नसून बाहेरच्या जगाविषयीची असते, हा या शास्त्रातील मूलभूत विचार होय. ब्रिटिश तज्ञ मायकेल जॅक्सन व अमेरिकन संशोधिका पामेला झेव्ह यांनी १९९० नंतरच्या दशकात तो काटेकोरपणे मांडला. त्यांच्या मांडणीनुसार तीन प्रकारची विधाने एकमेकांपासून वेगळी ठेवावी लागतात : (१) जगात काय घडून यावे, हे सांगणारी आवश्यकता, (२) जग मुळात कसे आहे, हे सांगणारी गृहीतके, आणि (३) यंत्राने काय करावे, हे सांगणारा विनिर्देश. गृहीतके खरी असतील आणि यंत्र विनिर्देशाप्रमाणे चालेल, तरच आवश्यकता पूर्ण होते.

वारस-नोंदीचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. ‘मृत खातेदाराच्या सर्व कायदेशीर वारसांची नावे अधिकार अभिलेखात यावीत’ ही आवश्यकता आहे. ‘अर्जात दिलेली सर्व नावे यंत्राने फेरफारात घ्यावीत’ हा विनिर्देश आहे. या दोहोंमध्ये ‘अर्जदार सर्व वारसांची नावे देतो’ हे गृहीतक दडलेले आहे आणि ते नेहमीच खरे ठरत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये व संपूर्ण देशात २००५ मध्ये झाली. परंतु विवाहित बहिणीचे नाव अर्जात न देण्याची प्रवृत्ती कायद्याने आपोआप नाहीशी होत नाही. तीन भाऊ व एक बहीण असलेल्या कुटुंबाच्या अर्जात तीनच नावे असल्यास यंत्र तीन नावे बिनचूक नोंदवील. आज्ञावलीत एकही दोष नसेल, तरी बहिणीचा हक्क उताऱ्यावर दिसणार नाही. म्हणून गृहीतक उघड करून त्याची तजवीज विनिर्देशात करावी लागते, उदा., वंशावळीचे स्वयंघोषणापत्र सक्तीचे करणे, त्यातील प्रत्येक व्यक्तीस सूचना पाठविणे आणि हरकतीची मुदत संपल्याशिवाय नोंद प्रमाणित करण्याची सोय उपलब्धच न करणे. देवणी तालुका कर्नाटकाच्या सीमेवर असल्याने येथील मुली बीदर जिल्ह्यातील भालकी किंवा औराद भागात दिलेल्या असू शकतात. मग सूचनेच्या पत्त्यात परराज्यातील जिल्हा लिहिण्याची सोय हवी, ही वरवर क्षुल्लक वाटणारी आवश्यकताही हक्काशी जोडलेली असते.

आवश्यकतांचे प्रकार : आवश्यकतांचे स्थूलमानाने तीन वर्ग करतात. (१) कार्यात्मक आवश्यकता : प्रणालीने कोणती कार्ये करावीत हे या सांगतात, उदा., गट क्रमांक दिल्यावर उतारा दाखविणे, फेरफाराचा अर्ज स्वीकारणे, हरकत नोंदविणे. (२) गुणात्मक आवश्यकता : ती कार्ये किती त्वरेने, किती सुरक्षितपणे, किती विश्वसनीयतेने व किती सुलभतेने व्हावीत हे या ठरवितात. पेरणीच्या दिवसांत कर्जासाठी एकाच वेळी असंख्य उतारे मागितले जातात. सरासरी दिवसाचा भार धरून बांधलेली प्रणाली नेमकी त्याच दिवसांत अपुरी पडते. (३) बंधने : कायदा, खर्च, मुदत, उपलब्ध यंत्रसामग्री व भाषा यांमुळे पडणाऱ्या मर्यादा. उतारा मराठीत व देवनागरी लिपीत असणे, हे असे बंधन होय.

कायद्यातील किंवा धोरणातील तत्त्व आवश्यकतेच्या रूपाने यंत्रात उतरविता येते. देवणीच्या शेजारच्या कर्नाटक राज्यात २००० मध्ये सुरू झालेल्या ‘भूमि’ या प्रणालीत फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढण्याचे बंधन घातले होते, तसेच कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविली जाई. वशिल्याने अर्ज पुढे-मागे करण्यास त्यामुळे आळा बसावा, हा हेतू होता. ‘अर्ज स्वीकारावेत’ एवढीच आवश्यकता लिहिली असती, तर ही तरतूद प्रणालीत आली नसती.

संकलन : आवश्यकता मिळविण्याच्या टप्प्यास संकलन म्हणतात. प्रणालीमुळे ज्यांचे हित किंवा अहित होऊ शकते त्या सर्वांस हितसंबंधी म्हणतात. भूमि-अभिलेखांच्या बाबतीत तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडल अधिकारी, तहसीलदार, दुय्यम निबंधक, बँका व विमा कंपन्या हे सहज आठवणारे हितसंबंधी होत. खातेदार, कूळ, विवाहित मुलगी, विधवा, कामासाठी पुण्या-मुंबईस गेलेला सहहिस्सेदार हे न आठवणारे. आणि चुकीचा भार बहुधा त्यांच्यावरच पडतो. मुलाखती, प्रश्नावल्या, प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण, जुन्या कागदपत्रांचा अभ्यास, कार्यशाळा व नमुना-प्रणाली दाखवून चर्चा, ही संकलनाची नित्याची साधने होत.

यांपैकी प्रत्यक्ष निरीक्षणास विशेष महत्त्व आहे; कारण अनुभवी माणसाला जे अंगवळणी पडलेले असते ते तो मुलाखतीत सांगत नाही. हस्तलिखित सात-बाऱ्यावर रद्द झालेले नाव खोडीत नसत. त्याला कंस करीत. कंसातील नाव म्हणजे आता हक्क नसलेले नाव, हे तलाठ्याला सांगावे लागत नसे. परंतु यंत्राच्या दृष्टीने कंस हे केवळ एक चिन्ह असते आणि नव्या वाचकालाही त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. २०२० मध्ये सात-बाऱ्याच्या नमुन्यात अनेक बदल करण्यात आले. त्यांनुसार मृत खातेदारांची नावे व फिटलेल्या कर्जाचे बोजे यांना कंस करण्याऐवजी त्यांवर आडवी रेष मारण्याची पद्धत आली. प्रलंबित फेरफार व शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक उताऱ्यावरच दाखविण्याचेही ठरले. जमीन घेणाऱ्याला वाद चालू असल्याचे उताऱ्यावरूनच कळावे, ही गरज त्यामागे आहे.

स्थानिक शब्दसंपदा हे संकलनाचे दुसरे महत्त्वाचे अंग होय. देवणी हे नाव ज्या गोवंशास मिळाले आहे त्याची नोंदवही संगणकावर ठेवावयाची झाल्यास परक्या विश्लेषकाला ‘रंग : पांढरा अथवा काळा’ एवढे रकाने पुरेसे वाटतील. परंतु पाळणारे लोक चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेल्या पांढऱ्या जनावरास वानेरा व अंगभर अनियमित काळे ठिपके असलेल्यास शेवरा म्हणतात; बालंक्या हा आणखी एक प्रकार मानतात. हे शब्द नोंदवहीत न आल्यास तिच्यावरून जनावराची निवड करणे शक्य होत नाही. यासाठी प्रत्येक आवश्यकतापत्राला त्या क्षेत्रातील संज्ञांचा कोश जोडण्याची प्रथा आहे.

विश्लेषण व समेट : जमविलेल्या आवश्यकतांत विसंगती, पुनरुक्ती व उणिवा असतात. त्या शोधून काढणे हे विश्लेषणाचे काम होय. शेतकऱ्याला पिकाची नोंद सोपी हवी असते, तर शासनाला ती खोटी नसल्याची खात्री हवी असते. ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र घेणे आवश्यक करण्यात आले आणि २०२२ मधील सुधारित आवृत्तीत छायाचित्र त्या गटाजवळून घेतले आहे किंवा कसे हे स्थानावरून तपासण्याची सोय करण्यात आली. शेतात भ्रमणध्वनीचे जाळे मिळत नाही, ही अडचण लक्षात घेऊन माहिती भरून ठेवणे व जाळे असलेल्या ठिकाणी आल्यावर ती पाठविणे शक्य करण्यात आले. ज्याच्याकडे योग्य भ्रमणध्वनी नाही त्याच्यासाठी एकाच यंत्रावरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा ठेवण्यात आली. चूक झाल्यास ४८ तासांच्या आत दुरुस्ती करण्याची सवलतही देण्यात आली. सोय व खात्री या परस्परविरोधी आवश्यकतांतील समेट अशा तडजोडींतून साधावा लागतो.

माहितीच्या घटकांमधील संबंध ठरविणे हाही विश्लेषणाचाच भाग होय. ‘एका क्षेत्रात एक पीक’ असे गृहीत धरून रकाना केल्यास लातूर भागात सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या शेतकऱ्याला दोहोंपैकी एक पीक लपवावे लागेल. गावाच्या नावावरून माहिती जुळविण्यातही असाच धोका असतो. एकाच नावाची अनेक गावे असतात आणि देवणी हेच नाव रोमन लिपीतील निरनिराळ्या दप्तरांत ‘देओनी’, ‘देवनी’ अशा वेगवेगळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. २०२० च्या नमुन्यात सात-बाऱ्यावर गावाचा सांकेतांक छापण्याची तरतूद झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सर्वच आवश्यकता एकाच वेळी पूर्ण करणे शक्य नसते. म्हणून ‘नसल्यास प्रणालीच निरर्थक’, ‘असावी अशी’ व ‘असल्यास बरी’ अशी प्रतवारी लावतात. ही प्रतवारी कोण लावतो, यावर तिचे न्याय्य असणे अवलंबून राहते.

लेखन : ठरलेल्या आवश्यकता ज्या दस्तऐवजात लिहितात त्यास आवश्यकतापत्र म्हणतात. प्रत्येक आवश्यकता स्वतंत्र क्रमांकाची, एकार्थी, इतरांशी सुसंगत, साध्य आणि तपासता येण्याजोगी असावी लागते. ‘उतारा लवकर मिळावा’ हे विधान तपासता येत नाही. ‘मागणी केल्यापासून शंभरांपैकी किमान पंचाण्णव वेळा दहा सेकंदांत उतारा दिसावा’ हे विधान तपासता येते. ‘योग्य’, ‘सुलभ’, ‘शक्यतो’, ‘इत्यादी’ हे शब्द आवश्यकतापत्रात आढळल्यास तेथे निर्णय व्हावयाचा राहिला आहे, असे समजावे.

मापे व त्यांची अचूकता यांविषयीची आवश्यकता विशेष काळजीने लिहावी लागते. जुन्या दप्तरात क्षेत्र एकर-गुंठ्यांत व नव्या दप्तरात हेक्टर-आरमध्ये असते. १ एकर म्हणजे ४० गुंठे. १ गुंठा म्हणजे सु. १·०११७ आर, १ आर म्हणजे १०० चौ. मी. समजा, ५ एकर १० गुंठे म्हणजे २१० गुंठे जमीन तीन भावांत समान वाटावयाची आहे. एकूण क्षेत्र २१२·४६ आर व प्रत्येकाचा हिस्सा ७०·८२ आर येतो आणि बेरीज जुळते. परंतु प्रणालीने पूर्ण आरपर्यंतच आकडे ठेवले, तर एकूण क्षेत्र २१२ आर, प्रत्येक हिस्सा ७१ आर व हिश्श्यांची बेरीज २१३ आर होते. जागेवर अस्तित्वात नसलेली १०० चौ. मी. जमीन कागदावर निर्माण होते आणि पुढील पिढीत बांधावरचे भांडण त्यावरून उभे राहू शकते. म्हणून ‘हिश्श्यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकीच असली पाहिजे; पूर्णांकन कोणत्या स्थानापर्यंत व कोणत्या टप्प्यावर करावयाचे ते असे’ हे विधान स्पष्टपणे लिहावे लागते.

पडताळणी व ग्राह्यता-तपासणी : प्रणाली लिहिलेल्या आवश्यकतांप्रमाणे घडली आहे काय, हे पाहणे म्हणजे पडताळणी, आणि लिहिलेल्या आवश्यकता या लोकांच्या खऱ्या गरजाच आहेत काय, हे पाहणे म्हणजे ग्राह्यता-तपासणी. दोहोंतील भेद दोन सुप्रसिद्ध अपयशांवरून समजतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. आवेगाची मूल्ये न्यूटन-सेकंदांत द्यावीत, असे विनिर्देशात लिहिलेले असूनही जमिनीवरील एक आज्ञावली ती पौंड-सेकंदांत देत होती. आवश्यकता बरोबर होती, पडताळणी झाली नाही. याउलट, २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची नवी संगणक-प्रणाली कोलमडली. रुग्णवाहिकांची स्थाने व स्थिती यांची जवळजवळ परिपूर्ण माहिती यंत्राला सतत मिळेल, हे तिचे गृहीतक प्रत्यक्षात टिकले नाही आणि ती वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा विश्वासही संपादन केलेला नव्हता.

ग्राह्यता-तपासणीसाठी तज्ञांकडून परीक्षण, नमुना-प्रणाली, प्रत्येक आवश्यकतेसाठी आगाऊ चाचणी लिहून पाहणे, या रीती वापरतात. तथापि जिच्याविषयी नोंद आहे त्या व्यक्तीसमोर ती वाचून दाखविणे, ही सर्वांत जुनी व परिणामकारक रीत होय. महसुली कायद्यात ती पूर्वीपासून आहे : फेरफाराची नोंद चावडीवर लावावी लागते, हितसंबंधी व्यक्तींना सूचना द्यावी लागते आणि हरकतीसाठी मुदत ठेवून मगच मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. संगणकीकृत सात-बाऱ्यांतील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी-वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकात उतरलेली माहिती गावात वाचून दाखवावी, खातेदारांनी चूक सांगावी व मग दुरुस्ती करावी, हे तिचे स्वरूप होते. अक्षरओळख नसलेल्या खातेदारालाही या रीतीने तपासणीत भाग घेता येतो.

व्यवस्थापन : आवश्यकता एकदा लिहून संपत नाहीत. कायदे बदलतात, नवी गावे व तालुके होतात, अनुभवाने चुका कळतात. कोणता बदल कोणी सुचविला, का स्वीकारला व त्यामुळे आज्ञावलीच्या कोणत्या भागावर परिणाम होईल, याची नोंद ठेवणे म्हणजे आवश्यकता-व्यवस्थापन होय. प्रत्येक आवश्यकतेचा तिच्या उगमाशी आणि तिच्यामुळे लिहिलेल्या आज्ञावलीशी व चाचणीशी संबंध दाखविता येण्यास मागोवाक्षमता म्हणतात. सात-बाऱ्यावरील प्रत्येक नावासमोर फेरफार क्रमांक असतो. त्यावरून ते नाव कसे आले, हे गाव नमुना सहामध्ये शोधता येते. मागोवाक्षमतेचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल.

बदल सतत होणारच, हे मान्य करून फेब्रुवारी २००१ मध्ये काही तज्ञांनी लवचीक विकासपद्धतीचा जाहीरनामा मांडला. या पद्धतीत सर्व आवश्यकता आरंभीच गोठविण्याऐवजी त्या ‘अमुक व्यक्ती म्हणून मला अमुक कारणासाठी अमुक सोय हवी’ अशा छोट्या विधानांत लिहितात आणि थोड्याथोड्या आठवड्यांनी चालती प्रणाली दाखवून त्या सुधारतात. मात्र जेथे नोंदीवर कायदेशीर हक्क अवलंबून असतात तेथे काही आवश्यकता ‘पुढे पाहू’ म्हणून सोडता येत नाहीत.

मर्यादा : आवश्यकता अभियांत्रिकीने सर्व चुका टळतात असे नाही. लोकांना आपली गरज शब्दांत सांगता येतेच असे नाही. प्रणाली हाती आल्यावर गरजही पालटते. आणि सत्तेतील असमानतेमुळे काहींचे म्हणणे ऐकलेच जात नाही. नैसर्गिक भाषेतील सूचनांवरून आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२० नंतरच्या काळात उपलब्ध झाली आहेत. त्यांनी ‘कसे’ या प्रश्नाचे श्रम बरेच कमी केले. परंतु त्यामुळे ‘काय’ हे नीट सांगण्याची जबाबदारी कमी न होता वाढली आहे. अर्जातून वगळलेल्या बहिणीचे नाव कोणत्याही यंत्राला आपण होऊन कळत नाही. ते विचारले जावे, अशी तरतूद आवश्यकतापत्रात कोणीतरी आधी लिहून ठेवावी लागते आणि ती लिहिण्यासाठी त्या बहिणीसारख्यांचे म्हणणे आधी ऐकावे लागते.